उजव्या हाताची जाळी

शेकोटीतली ती ओली काटकी बाहेर काढा, नुसता धूर करतेय. आणि संघर्ष, मोबाईल खिशात टाक. या मारुतअण्णाचा भुतांवर विश्वास आहे का, हे गोष्ट संपल्यावरही विचारू नकोस. घडलं ते आपल्या कंपनीतल्या नवनाथ कड याच्या बाबतीत. तोच, साहेबानं कितीही डोळे वटारले तरी गुरुवारी दिवस मावळायच्या आत घरी पोचणारा. तुम्ही त्याला बायकोचा बैल म्हणता. म्हणा, तुमच्या जिभेला हाड नाही.

दोन वर्षं झाली. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अमावस्या, आणि नवनाथच्या घरी लेकीची पाचवी. घर चाकणच्या जुन्या गावठाणात. त्याच्या बायकोला, पूनमला, आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा माळ्यावरचा पाळणा खाली उतरलाच नाही. तिसऱ्या खेपेला नवनाथची आई, भिमाबाई, भुईकोटात पीराकडे गेली आणि नवस बोलून आली.

भुईकोट तुम्ही पाहिलाय. तट ढासळलेला, खंदकात बाभळी. मोगलांनी सुरुंग लावून त्याचा बुरूज उडवला, हे शाळेत शिकलात. त्या मोगलांच्या छावणीबरोबर एक फकीर आला होता म्हणतात. फौज पुढं गेली, फकीर मागं राहिला. जखमी माणूस कुठल्या बाजूचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याचीच ती मजार. उरुसाला तिच्यावर पहिली चादर चढते ती नवनाथच्या, कड घराण्याची. पणजोबापासूनचा मान आहे त्यांचा.

मजारीला दोन जाळ्या. पुढच्या दारानं आत गेलं की उजव्या हाताची जाळी मागण्याची. बायका आपल्याच लुगड्याच्या काठाची चिंधी तिथं बांधतात. मूल झालं की घरच्या माणसानं ती गाठ सोडायची, चिंधी घरी आणायची आणि पाळण्याला बांधायची. पाचवीचा दिवा त्यानंतरच लावायचा. त्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यापुढं अंगावर नवस असू नये, असा बायकांचा नेम. डाव्या हाताची जाळी मात्र बांधण्याची. एखाद्याच्या अंगात काही शिरलं की त्याला तिथं आणतात आणि जे शिरलंय ते गाठीत बांधून ठेवतात. त्या गाठींना कुणी बोटही लावत नाही.

भिमाबाईचे गुडघे गेलेले, आणि बाळंतिणीपाशी दुसरं कुणी नाही. म्हणून तिनं लेकाला सकाळीच बजावलं, की कंपनी सुटली की सरळ पीराकडे जा, उजव्या हाताची जाळी, हिरवा काठ. पण त्या दिवशी पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही आणि नवनाथला ओव्हरटाइमला थांबवलं. तळवड्याच्या कंपनीतून निघून तो चाकणला पोचला तेव्हा गावात सामसूम झाली होती. आईचे फोनवर फोन येत होते. दिवा अजून लागायचा होता.

आता चूक कुठं झाली ते नीट ऐका. पुढचा रस्ता गटाराच्या पाइपांसाठी खणून ठेवलेला. नवनाथ गावचाच पोर, त्याला सगळ्या वाटा पाठ. गाडी बाहेर लावून तो मागच्या पडक्या तटातून आत उतरला, चपला काढल्या आणि मागच्या दारानं मजारीत शिरला. दिवसभर यंत्रावर उभं राहून डोकं बधिर झालेलं. आईचे शब्द तेवढे ध्यानात होते. तो उजव्या हाताच्या जाळीकडे वळला.

कळलं ना?

आत वीज गेलेली. उदाचा वास तेवढा दाटून राहिला होता. मोबाईलच्या उजेडात सगळ्या चिंध्या धुळीनं एकाच रंगाच्या दिसत होत्या. शोधता शोधता एक हिरवट काठ सापडला. गाठ सुटेना. नखं दुखून आली. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला. तेव्हा त्यानं गाठ दातांत धरली आणि ओढली.

सुटली.

उदाचा वास गेला. हळूहळू नाही... एकदम. आणि त्याच्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. फार दिवस कोंडून ठेवलेलं माणूस सोडतं, तसा.

वारा असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. चिंधी खिशात घातली आणि निघाला.

गाडी जड चालत होती. मागं कुणी बसलं की चढावर चालते तशी. गल्लीतली कुत्री रोज त्याच्यामागं धावायची. त्या रात्री ती भिंतीला चिकटून बसली होती. एकही भुंकलं नाही. नवनाथनं आरशात पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

दारात गाडी थांबली. मागून हलकी झाली.

तो अजून उतरला नव्हता.

भिमाबाईनं चिंधी घेतली, बोटांनी चाचपली, उजेडात धरली. मग तिनं लेकाकडे पाहिलं.

"कुठल्या दारानं गेला व्हतास?"

नवनाथनं ओठ पुसले. तोंडात त्या कापडाची चव होती.

आतून, खाटेवरून पूनमचा आवाज आला. "अवो, तुमच्यासंगं बाई आल्या त्या कोन? आत येऊन बाळाला बघून गेल्या..."

त्यानं आईच्या हातातून चिंधी ओढून घेतली आणि गाडी पुन्हा भुईकोटाकडे पळवली.

इस्माईलचाचा तिथले मुजावर. जवळच राहतात. त्यांना उठवलं. रागावले नाहीत ते, नुसती बॅटरी घेतली आणि पुढं झाले. वाटेत त्यांनी सांगितलं, की ती गाठ त्यांच्या वडलांच्या हातची. एक बाई बाळंतपणात गेली, पोटच्या पोराचं तोंडही न बघता. पुढं ज्या घरात पाळणा हलेल त्या घरी रात्री जाऊन बसायची. नवनाथनं मजारीच्या दिशेनं हात जोडले. दोन लेकरं हातची गेलेला बाप तो. एवढी एक वाचू दे, मग माझं काय करायचं ते कर, असं तो मोठ्यानं म्हणत होता.

चाचांनी दुआ म्हटली. नवनाथनं चिंधी जागच्या जागी बांधली, पुन्हा पुन्हा आवळली. चाचांनी गाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"बांधलीस खरी, बेटा. पण आत ती हाय का? रिकामी गाठ कुनालाबी बांधता येती."

मग त्यांनी समोरच्या, मागण्याच्या जाळीवर उजेड टाकला. भिमाबाईची चिंधी तिथं असायला हवी होती. नव्हती. धूळ पुसलेली एक जागा तेवढी...

चाचांनी विचारलं, "पोर कुनापाशी हाय?"

घराचं दार उघडं होतं. पाचवीच्या रात्री डोळ्याला डोळा न लावणारी भिमाबाई भिंतीला टेकून गाढ झोपलेली. पूनमही झोपलेली. तिच्या कुशीत बाळ नव्हतं.

पाळणा हलत होता. सावकाश.

बाळ आत होतं. झोपेत हसत होतं. झोपेत हसणाऱ्या बाळाला सटवाई हसवते म्हणतात... नवनाथनं पाळणा धरला. थांबवायला जोर लावावा लागला.

पोर वाचली रे. आता दोन वर्षांची आहे, घरभर धावते, कधी साधा तापही नाही. पण पाळणा त्यांनी काढला नाही. त्या रात्री त्याच्या दोरीला भिमाबाईचाच हिरवा काठ बांधलेला होता. कुणी सोडून आणला, कुणी बांधला, ते कुणालाच माहीत नाही. नवनाथनं गाठीला बोट लावलं तेव्हा ती ओली होती, दातांत धरून आवळलेली असावी तशी.

सोडायला कुणी धजत नाही. आणि गाठ अजून वाळलेली नाही.