दहा लाखांत किती?

"माणूस खोटं बोलतो, आकडा कधीच नाही!" प्राध्यापकांनी इस्पितळाच्या भर सभागृहात टेबलावर मूठ आपटली. शहरात प्रौढ माणसं दहा लाख. त्यांतल्या अकरा जणांना यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा तुंबण्याचा आजार. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पेशंटच्या मोजणीचं काम करणारी मुलगी मागच्या रांगेतून उठली नि म्हणाली, "सर, आकडा चुकलाय."

तासाभरात प्राध्यापक नोंदणीच्या खोलीत मरून पडले होते. लोखंडी स्टुलाने कवटी अशी फोडली होती की रक्त पंख्याच्या पात्यांपर्यंत उडालं होतं. शेजारी ती मुलगी, कोपरापर्यंत लाल. हवालदाराने तिचे हात मागे ओढून बेड्या ठोकल्या. विचार करणं हा त्याचा प्रांतच नव्हता.

इन्स्पेक्टरबाईंनी येऊन प्रेताची आवळलेली मूठ उघडली. आत चिठ्ठी. 'अकरा' खोडून 'तीन' केलेलं, खाली एकाच बाईची दोन आडनावं. बाईंनी ती गुपचूप पर्समध्ये टाकली.

"हात कशाने भरले गं?"

"सर जिवंत वाटले. डोकं धरायला गेले, तर... थोडं हातातच आलं."

"आकडा किती चुकला होता?"

"एकच पेशंट चार इस्पितळांत गेला की चारदा मोजलेला. माझ्या हिशेबाने चारच भरतात. पण सर म्हणाले, कुणाला बोलू नकोस, मी स्वतः बघतो."

तेवढ्यात दारात शल्यविभागाचे प्रमुख येऊन उभे राहिले. खास या आजारासाठी निघणाऱ्या विभागाची पाटी त्यांच्या नावाने रंगवूनही झाली होती.

"डॉक्टर, तुम्ही या खोलीत आला होतात?"

"छे! सभागृहातून थेट माझ्या केबिनमध्ये. न्या हो हिला! अकराचे तीन करायला निघाली होती. तीन पेशंटसाठी कोण विभाग काढतो? डोकं फिरणारच माणसाचं."

"कोणत्या माणसाचं?"

डॉक्टरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"हिचे चार होते," बाई म्हणाल्या. "त्यांतली एक बाई दोनदा आलीय, एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या. हिचं लग्न व्हायचंय, हिला सुचलं नाही. प्राध्यापकांना सुचलं. त्यांनी 'तीन' लिहिलं, ते मुठीत धरूनच मेले. मी मूठ उघडण्याआधी तो आकडा दोघांनीच पाहिला होता. लिहिणाऱ्याने, आणि त्याला मारणाऱ्याने."

डॉक्टरांच्या खिशातून शस्त्रक्रियेची सुरी निघाली. पहिल्याच वाराला हवालदाराचा अर्धा कान लोंबला. दुसरा वार मुलीच्या गळ्यावर यायचा, तोच बाईंनी स्टूल उचलून डॉक्टरांच्या गुडघ्यावर हाणलं. काडकन आवाज झाला. कोणतं हाड मोडलं, हे डॉक्टरांनी बोंबलतानासुद्धा अचूक सांगितलं.

हवालदार कान दाबून बाईंकडे बघत राहिला. "म्हणजे हिने नाही मारलं?"

"नाही रे बाबा."

"मग ह्या बेड्या काढता का?" मुलगी म्हणाली. "मघापासून नाक खाजतंय."