केसांचा दोर

माझा धंदा दोर वळण्याचा. पीळ नीट बसला तर दोर धरतो, नाही बसला तर तुटतो. यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवत नाही.

क्रांतिकारकांना चिरडायचं म्हणून सरकारने ताग, काथ्या, सगळं जप्त केलं. माझी धाकटी बहीण त्यांच्यातलीच, साथीदारांबरोबर दरीत अडकलेली. दरीचं तोंड सैन्याने रोखलं होतं. कड्यावरून दोर सोडला तरच ती जिवंत वर येणार होती.

मग बायकांनी केस दिले. परटीण, दाई, शाळेतल्या बाई, एकेक येऊन माझ्या कात्रीपुढे मान वाकवायची.

"आता सासूबाई झिंज्या कशाच्या धरणार?" परटीण म्हणाली, आणि कारखान्यात हशा पिकला.

शिंपीणबाई शेवटी आल्या. स्वतःचं डोकं घरीच भादरून त्यांनी केस आणले होते. शिवाय हातात एक तपकिरी वेणी होती, मोर्चात गोळी लागून गेलेल्या त्यांच्या मुलीची.

"ही राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणाले.

"माझ्या पेटीत पडून ती काय वाढणार आहे? घे."

ती मी दोराच्या टोकाला जोडली. मापून पाहिलं, तर दोर तोकडाच. गावात आता केस उरले नव्हते. मला रडूच फुटलं.

सकाळी दोर पुरून उरेल इतका लांब होता. वाढलेला भाग सगळा तपकिरी, आणि त्याला पीळ नव्हता. आई मुलीची घालते तशी तिपेडी वेणी होती ती. तरी तोच दोर आम्ही खांद्यावर घेतला आणि धुक्यात कड्यावरून सोडला. बहीण वर आली. सगळे वर आले आणि रानात पांगले.

दोर मात्र सैन्याच्या हाती लागला. अधिकाऱ्याने आम्हाला ओळीने उभं केलं.

"केस कुणाचे?"

"माझे," प्रत्येकीने सांगितलं. ज्यांचे कधीच झडून गेले होते त्या म्हाताऱ्यांनीही.

सगळ्यांनाच धरता येईना, तेव्हा त्याने तपकिरी टोक कापून घेतलं आणि पुरावा म्हणून कचेरीतल्या कपाटात कोंडलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला आणि शिंपीणबाईंना बोलावलं. तपकिरी केस कुणाच्या मुलीचे, ते त्याने शोधून काढलं होतं. कपाटाला कुलूप होतं. दाराच्या फटीतून तपकिरी केस जमिनीपर्यंत आले होते, मोकळे, गुंतलेले.

"हे थांबवा," तो म्हणाला.

"सुरुवात तुम्ही केलीत," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्या कपाटापाशी मांडी घालून बसल्या. कमरेची फणी काढली. गुंता सोडवून केसांचे तीन पेड केले.

"मान सरळ धर गं."

कपाटात काहीतरी सरकलं, आणि केस सरळ झाले.