शत्रू म्हणून वाचताना

दाढ दुखायला लागली की भल्याभल्यांची रग जिरते. त्या शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. अंगानं चांगला दणकट, पण सुई पाहताच त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. हातातला मोबाइल तेवढा उघडा राहिला.

इंजेक्शन देऊन झालं. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. मोबाइल पडू नये म्हणून तिनं तो अलगद काढून घेतला, आणि नजर नको तिथे गेलीच. 'शनिवारचे सात'. खाली सहा लेखांची नावं, प्रत्येकापुढे दोन ओळी. सातवी जागा अजून रिकामी.

ही यादी ती दर शनिवारी वाचत होती.

ब्लॉग लिहिणाऱ्यांचा तिचा एक जुना गोतावळा होता, दहा-बारा टाळकी. सगळं जग व्हिडिओ बघायला निघून गेलं, तरी ही मंडळी लिहिण्याला चिकटून होती. नाटक-सिनेमावरची समीक्षा, एखादा झकास निबंध, काही चांगलं सापडलं की एकमेकांना सुचवायचं. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. त्यात 'सावकाश' या नावानं लिहिणाऱ्याची यादी वाचता यावी म्हणून ती शनिवारी सकाळी पेशंटच घेत नसे. आईला सांगायची, हात दुखतो.

"तुम्ही... सावकाश?"

त्यानं एक डोळा उघडला. "हो. पण तुम्हाला कसं...?"

"मी 'आगाऊ' या नावानं लिहिते."

दुसरा डोळाही उघडला. "अरे देवा! आठ वर्षांत तोंड दाखवलं नाही, आणि दाखवलं ते असं... किडक्या दाढेसकट!"

ती हसली खरी, पण आत काहीतरी सलत होतं. गोतावळ्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी तिचा लेख सुचवला होता. यानं नाही. आज विचारलं नाही, तर पुन्हा कधी विचारणार?

"आठ वर्षं, आठवड्याला सात," ती हातमोज्याशी चाळा करत म्हणाली. "तीन हजारांच्या घरात लेख सुचवलेत तुम्ही. माझा एकही नाही. इतकं वाईट लिहिते मी?"

"तशं नाही..." त्याची जीभ जड झाली होती. त्यानं हातानंच कागद मागितला. तिनं पेशंटच्या माहितीचा फॉर्म उलटा करून दिला.

"किती वेळ गं एका दाढेला?" बाहेर नोंदवहीशी बसलेल्या आईनं हाक दिली.

"भूल चढतेय, आई!"

तो लिहीत होता. अक्षर बारीक, खालची ओळ वरच्या ओळीत घुसणारी. मग त्यानं मान वळवून कागद पुढे केला.

'लेख मी दोनदा वाचतो. आधी वाचक म्हणून, मग शत्रू म्हणून. शत्रूलाही आवडला, तरच यादीत. तुमचेही तसेच वाचायचो. एकेक जेमतेम हुकायचा. चार वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, तुम्ही त्यांच्याबरोबर पाहिलेल्या नाटकांवर लिहिलंत. दुसऱ्यांदा वाचायला बसलो, तर चुका शोधायच्या सोडून मी काळजी करत होतो, की ही बाई आज जेवली असेल का. तेव्हापासून तुमचं काहीही शत्रू म्हणून वाचता येत नाही. खूप प्रयत्न केला.'

तिनं कागद पुन्हा वाचला. डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंना असं रडणं शोभत नव्हतं, पण इलाज नव्हता.

"म्हणजे... माझा नंबर कधी लागणारच नाही?"

त्यानं खेदानं मान हलवली. बधिर गालावर बोट ठेवून, शब्द जुळवत कसाबसा म्हणाला, "रागावलात?"

"आठ वर्षं रागावलेच होते." तिनं मास्क खाली ओढला. "प्रत्येक लेख लिहिताना वाटायचं, हा तरी त्यांना आवडेल. कुणासाठी लिहितेय ते मला केव्हाच कळलं होतं... फक्त तुम्हाला मी आवडत नाही असं धरून चालले होते."

त्यानं मोबाइलसाठी हात पुढे केला.

"ती यादी राहू द्या," ती हळूच म्हणाली. "मला नको त्यात जागा. सहाला दवाखाना बंद होतो. भूल उतरली की या, आणि जेवलीस का, हे मलाच विचारा."

त्याला हसायचं होतं. अर्धा ओठ बधिर, त्यामुळे हसू एकाच बाजूला उमटलं. तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि दाढ तशीच राहिली.