पुळणीवरचे दिवे

ये लीना, ये. दार लोटून घे, धुकं आत येतंय. वीज आत्ताच गेली, म्हणून मेणबत्ती लावलीय. बस अशी समोर. अगं, आज मी इतकी खूश आहे ना, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही!

तुला माहितीये, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं बनवते. या खेपेचं मॉडेल माझ्याच गावातल्या रिसॉर्टचं होतं. खारशेतच्या! कुठे कोकण नि कुठे चंदीगड, पण इथे शेजारच्या मुल्लानपूरला टॉवर बांधणारे बिल्डर खेत्रपाल नेमके आमच्या पुळणीवर जाऊन पोचले. पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू गं, तुम्हा पुण्याच्या लोकांना काय सांगायचं. तिथे थंडीत कासविणी येऊन अंडी घालतात. माझे बाबा ती राखतात, वर्षानुवर्षं.

पिल्लं बाहेर आली की उजेडाकडे धावतात. किनारा अंधारा असला, तर समुद्रच काय तो उजळ दिसतो, म्हणून बरोबर पाण्यात जातात. आणि खेत्रपालांना तिथेच, ऐन पुळणीवर, उंच दिव्यांची रांग हवी होती! मग पिल्लं कशाला जातील समुद्राकडे? रात्रभर दिव्यांखाली घुटमळून सकाळच्या उन्हात वाळून मरतील बिचारी. रिसॉर्ट थांबवणं काही माझ्या हातात नव्हतं. पण हे दिवे तेवढे काढायला लावायचेच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून मी मॉडेलला दोन बटणं बसवली. एकाने पुळणीवरचे दिवे लागायचे. दुसऱ्याने दिवे विझायचे आणि समुद्र, म्हणजे निळी काच, मंद उजळायची. खेत्रपालांना फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे ना! एरवी वाळूच्या जागी आम्ही रंगवलेला भुसा लावतो. पण या साहेबांना सगळं अस्सल हवं, म्हणून त्यांनी थेट खारशेतहून वाळूची गोणी मागवली. ती मी गोंदात बसवली. वाळल्यावर अशी घट्ट झाली की नखाने कणसुद्धा निघेना. थोडी उरली ती त्या डब्यात आहे बघ, फडताळावर. गावची वाळू, टाकवेना मला.

परवा दुपारी खेत्रपाल यायच्या आधी बटणं तपासायला गेले. धुकं इतकं की खिडकीबाहेरचं झाड दिसत नव्हतं. मॉडेलच्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला. खारा, ओला, मासळीचा... चंदीगडमध्ये, लीना! पुळणीवरचे दिवे कुणीतरी आदल्या दिवसापासून चालूच ठेवले होते. आणि वाळूवर ठसे होते. इवल्या वल्ह्यांचे, धावदोरा घातल्यासारखे. सगळे दिव्यांकडे गेलेले, आणि दिव्यांखाली संपलेले.

“चूहे होंगे, कादंबरी जी,” आमचे सर म्हणाले.

उंदीर म्हणे! जन्म गेला माझा ते ठसे बघण्यात. मी वाळूवर नख ओढून पाहिलं. दगड! घाबरले का विचारशील, तर घाबरलेच. पण त्याहून जास्त आनंद झाला. म्हटलं, आता तर दिवे जाणारच!

खेत्रपाल आले. मी पडदे ओढले आणि दिव्यांचं बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग... खर्र... खर्र... अगदी हळू. वाळूवर कुणीही नव्हतं, देवाशपथ! नुसते ठसे उमटत होते, दिव्यांच्या दिशेने. मी दुसरं बटण दाबलं. दिवे विझले, काच उजळली. क्षणभर सगळं थांबलं... आणि सगळ्या रेघा वळून समुद्राकडे निघाल्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“पाहिलंत ना सर? मतलब... देखा आपने? लाईट्स नको, प्लीज.”

त्या माणसाने टाळ्या वाजवल्या. “वाह! ये इफेक्ट कैसे किया? लाईटें डबल कर दो. मॉडेल आज ही मेरे ऑफिस भेजो, इन्व्हेस्टर आ रहे हैं.”

झालं! मॉडेल गेलं मुल्लानपूरला आणि मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

आणि आज सकाळी त्यांचा फोन. आवाज ओळखू येईना.

“मॅडम... बीच की लाईटें निकाल दो. सारी की सारी.”

“पक्का, सर?”

“पक्का. ड्रॉइंग आज ही बदलो...” मग आवाज आणखी खाली आणून, “छोटे तो मॉडेल पर ही थे... ये बड़ी वाली कौन है?”

त्यांच्या काचेच्या दारापासून मॉडेलपर्यंत, संगमरवरी फरशीवर, ओला माग होता म्हणे. दोन हातांत मावणार नाही इतका रुंद. आणि मॉडेलवरची वाळू नव्हती. गोंदासकट खरवडून नेलेली, खालचं प्लायवूड उघडं पडलेलं.

मी तर उड्याच मारल्या! ड्रॉइंग बदललं, सरांची सही घेतली आणि लगेच बाबांना फोन लावला. बाबा, दिवे गेले! बाबा लहान मुलासारखे हसले. मग मी बाकीचं सांगितलं.

“कादू, ती वाळू भरतीच्या रेषेवरची असणार. कोरडी, भुसभुशीत. घरटी तिथेच असतात गं.”

“पण बाबा, ही मोठी कोण?”

“कासवीण अंडी घालून गेली की परत वळून बघत नाही बाय... कधीच नाही.” मग विचारलं, “सगळी वाळू गेली ना तिथली? काही उरली तर नाही?”

मी नाही म्हटलं. डब्याचं तेव्हा लक्षातच आलं नाही बघ.

अगं, हस ना लीना! दिवे गेले, आमची पिल्लं वाचली. चहा ठेवू? थांब... मेणबत्ती हलवू नकोस. तू तर समोरच्याच खोलीतून आलीस ना? खाली रस्त्यावर गेलीच नव्हतीस ना आज?

मग तुझ्या चपलांना ही ओली वाळू कुठली गं?