दुसरा वॉल्ट्झ

रात्र नव्हती. वादळही नव्हतं. सप्टेंबरातला शेवटचा रविवार, दुपारचे तीन वाजलेले आणि तळ्यावर लख्ख ऊन. भुताच्या गोष्टीला हे शोभत नाही, मला कळतं. पण घडलं ते तेव्हाच, आणि माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत. त्यामुळे तिखटमीठ लावायची मला गरज नाही.

माझा नवरा रेयो नाचाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. तीस वर्षं झाली. उन्हाळा आला की आम्ही फिनलंडभर या तळ्याकाठून त्या तळ्याकाठी, लाकडी नाचघरांतून फिरतो. लोक नाचतात, तो वाजवतो, मी खिडकीतून कॉफी विकते. ड्रमरच्या बायकोला नवऱ्याबरोबर नाचायला मिळत नाही. तो उठला की नाचच थांबतो.

ओस्मोचंही तसंच होतं.

ओस्मो म्हणजे रेयोचा गुरू. हाउकीनिएमीच्या नाचघरात चाळीस वर्षं वाजवलं त्याने. काठ्यांपेक्षा तारांच्या ब्रशवर त्याचा हात जास्त. तीन मात्रांचा वॉल्ट्झ असला की डावा ब्रश ड्रमवर गोल फिरायचा आणि उजवा मात्रा द्यायचा. एक, दोन... तीन. तिसरी मात्रा केसभर उशिरा. नाचणाऱ्याचं पाऊल आधी टेकू दे, मग वाजव, असं तो रेयोला सांगायचा. रेयोला ते कधीच साधलं नाही.

मी सांगतेय त्या रविवारच्या आदल्या वर्षी, हंगामाच्या शेवटच्या दुपारी, ओस्मोने आपले ब्रश रेयोच्या हातात दिले. डॉक्टरांनी त्याला छातीचं काय ते सांगून टाकलं होतं. आयुष्यात एकदा तरी त्याला बायकोबरोबर, हेल्वीबरोबर, नाचायचं होतं.

आमच्याकडे गाणी जोडीने वाजतात. एकाच चालीची दोन. दोन्ही एकाच जोडीदाराबरोबर नाचायची, आणि दुसरं संपलं की पुरुषाने बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं.

त्याआधी सोडायचं नाही.

त्या दिवशी पहिला वॉल्ट्झ झाला. वेळ कमी होता. बँड ज्याचा, त्या अकॉर्डियनवाल्या कौकोने घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि रेयोने विचार न करता हुंपा धरला. हुंपा म्हणजे दोन मात्रांची धावती चाल. झुंबड उडाली. ओस्मोला धाप लागली, गर्दीत हेल्वीचा हात सुटला. ती बाकापर्यंत एकटीच चालत आली.

ओस्मोने लांबूनच हसून हात हलवला. पुढच्या वर्षी नाचू, असा.

फेब्रुवारीत तो गेला.

आणि मग ही दुपार. हाउकीनिएमीच्या ड्रमवर आता दर रविवारी रेयो.

मध्यंतरात तो माझ्या खिडकीशी कॉफी पीत होता. पिता पिता थांबला.

"माझ्या ड्रमवर कोण बसलंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं.

एक, दोन... तीन.

तो आत गेला. मंचावर कोणी नव्हतं. पण पिशवीत ठेवलेले ब्रश ड्रमवर होते... मुठी उजवीकडे करून, ओस्मो ठेवायचा तसे.

यानंतरचं बरंचसं मला रेयोने सांगितलं.

गाण्यांची शेवटची जोडी वॉल्ट्झची होती. हेल्वी वर्षभर नाचली नव्हती. निळा स्वेटर घालून भिंतीशी बसायची, कोणी विचारलं तर नको म्हणायची. त्या दिवशी ती उठली.

तिला कोणी विचारलं नव्हतं.

ती मधोमध आली. डावा हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा, उजवा कोणाच्या तरी हातात दिल्यासारखा. आणि नाचू लागली. लोकांनी जागा करून दिली. बिचारी, म्हणाले असतील.

जमीन फळ्यांची होती. ड्रमरच्या कानाला पावलं बरोबर कळतात. रेयोने इतरांची पावलं बाजूला काढून कान दिला...

हेल्वीपाशी दोघांची पावलं वाजत होती.

वॉल्ट्झ संपला. जोड्या उभ्या राहिल्या, दुसऱ्याची वाट बघत. हेल्वीही उभी राहिली, पण तिचे हात खाली आले नाहीत. ओठ निळे पडले होते. आजूबाजूचे लोक घाम पुसत होते, आणि तिच्या तोंडातून थंडीतली वाफ निघत होती...

ती हसत होती.

"उशीर झालाय," कौको वळून म्हणाला. "हुंपा घे आणि आटप."

रेयोच्या लक्षात आलं. दुसरा वाजला नाही, तर ओस्मो तिला जागेवर सोडणार नव्हता. बरोबर नेणार होता.

"दुसरा वॉल्ट्झ," रेयो म्हणाला.

"अरे, लोकांची बस चुकेल."

"चुकू दे. नाहीतर ड्रमशिवाय वाजव तुझा हुंपा."

रेयो एरवी वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो. त्यातली दोन एकदम निघाल्यावर कौकोने अकॉर्डियन पुन्हा छातीशी ओढलं.

रेयोने ब्रश उचलले. ते गारठलेले होते.

एक, दोन... तीन.

तिसरी मात्रा केसभर उशिरा पडली. रेयोने ती पाडली नव्हती.

गाणं संपेपर्यंत त्याला आपले हात आपले वाटले नाहीत...

मी आत गेले तेव्हा शेवटचे सूर चालले होते. गाणं थांबलं. कोणाच्या तरी दंडात हात घालून यावं तशी हेल्वी बाकापर्यंत आली. वळली, मान लववली आणि बसली. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

तिच्या पाठीवर, स्वेटरवर, ओला डाग होता.

पंजाचा. पाची बोटं स्पष्ट.

"काकू, बऱ्या आहात ना?" रेयोने धावत येऊन विचारलं.

"तू वाजवलंस, म्हणून त्याने मला आणून सोडलं," ती म्हणाली. "नाहीतर घेऊन चालला होता."

मग खाली बघत म्हणाली, "मला चाललं असतं रे, पोरा."

हेल्वी अजून आहे. दर रविवारी येते आणि बसून राहते. तिचा जीव वाचवला असं रेयोला वाटत होतं. आता तो तिच्या नजरेला नजर देत नाही.

मागच्या सप्टेंबरात, मध्यंतरात, रेयो माझ्या खिडकीशी आला. कॉफी मागितली नाही.

"चल," म्हणाला, "आज एक जोडी नाचू आपण."

याच एका वाक्यासाठी मी तीस वर्षं थांबले होते. मी एप्रनची गाठ सोडलीसुद्धा...

तेवढ्यात मंचावरून आवाज आला.

एक, दोन... तीन.

"कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"कोणी नाही," रेयो म्हणाला. या वेळी त्याला ऐकू येत नव्हतं.

मी एप्रन परत बांधला. गिऱ्हाईक आहे, म्हणाले. तेव्हापासून तो दर रविवारी विचारतो, आणि दर रविवारी मी काहीतरी सबब काढते.

ओस्मोने डॉक्टरांकडून आल्यावरच हेल्वीला नाचायला विचारलं होतं.

रेयो आत्ताच का विचारायला लागला, हे मी त्याला विचारलेलं नाही.