वासोंगाची पाळी

हे खरं घडलंय. ज्याला थाप वाटते त्याने सरोवराकाठी किसुमूला यावं आणि माझ्या भावाच्या तोंडून एक शब्द काढून दाखवावा.

ऑगस्टमधला शनिवार. भर दुपार. बाजारामागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या धाकट्या भावाला, ओगुतूला, त्याचा प्रोग्रॅम दाखवायचा होता. न्यांग्वेसो मॅडमनी सोपा अभ्यास दिला होता, पत्त्यांचा खेळ बनवा. मी डबा द्यायला गेले आणि बघत थांबले.

आमच्याकडे गल्लीत खेळतात तोच डाव ओगुतूने बनवला होता. हातातली पानं संपवून सुटायच्या आधी मोठ्याने ‘निको कादी’ म्हणायचं. म्हणजे, मी आता सुटतोय. तसं म्हटलं नाही तर सुटता येत नाही. दोन पानं उचला आणि बसा.

समोरचा भिडू कॉम्प्युटर. त्याचं नाव ठेवलं होतं वासोंगा.

वासोंगा ओगुतूचा मित्र. जन्माचा तोतरा. तो ‘नि... नि...’ करेपर्यंत पोरं त्याच्या हातात दोन पानं कोंबायची. मेल्यांना त्यातच मजा.

जूनमध्ये वासोंगा सरोवरात बुडाला. होडी जवळच होती. त्याला हाक मारता आली नाही.

"मेलेल्याची कसली रे थट्टा?" मी म्हटलं.

"गंमत गं, अपोंडी. बघ तर, मी त्याला अडखळायलाही लावलंय."

स्क्रीनवर अक्षरं उमटली. नि... नि...

वासोंगाची दोन पानं वाढली. वर्ग खिदळला.

तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला.

रस्त्यावरचा मोटरसायकलींचा गोंगाट... तोही थांबला.

नि... नि...

या वेळी स्क्रीनवर अक्षरं नव्हती. आवाज आला होता.

"आवाज कधी घातलास?" मॅडमनी विचारलं.

"नाही घातला, मॅडम. याचा स्पीकर फुटलाय."

मग... अगदी स्वच्छ, न अडखळता...

"निको कादी."

कोणी हसलं नाही.

वासोंगाला सुटता आलं असतं. तो सुटला नाही. त्याने पाळी ओगुतूला दिली.

"बरं, मग मीपण सुटतो," ओगुतू उसनं हसत म्हणाला. त्याने तोंड उघडलं.

"नि... नि..."

त्याच्या पानांत दोन पानं आपोआप वाढली.

त्यानंतर तो बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. तो खेळ मी स्वतः पुसून टाकला. काही उपयोग झाला नाही.

आता तो चटईवर खरे पत्ते मांडतो. दोघांचे. शेवटाला आला की तोंड उघडतो, घामाघूम होतो... आणि मुकाट दोन पानं उचलतो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हेच.

समोरची पानंही कमी होत जातात. ती कोण टाकतं, ते मी पाहिलेलं नाही.

काल मला बघवेना. त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या वतीने मीच मोठ्याने म्हटलं, "निको कादी."

ओगुतूने माझं मनगट घट्ट धरलं. जोरजोरात मान हलवली. रडत होता.

समोरून दोन पानं सरकत आली...

माझ्यापुढे.

आज सकाळी आई चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. मी दारातून हाक मारली.

"आ... आ..."

आई वळली. आधी तिला हसू आलं, मग राग.

"लाज नाही वाटत? भावाची नक्कल करतेस?"

मला काही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितेय.