शेवट ऐकवा ना!

जिन्यात कुणीतरी माझी धून शिट्टीवर वाजवत होतं.

माझीच! गेले कित्येक महिने व्हायोलिनवर घासतेय ती. मी दारातच थबकले. पहिली ओळ... दुसरी... तिसरीच्या मध्यावर शिट्टी घसरली, थांबली, आणि तो माणूस चक्क म्हणाला, "शी!" मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ओ मिस्टर! चेष्टा करताय माझी?"

वर आला तो चष्मेवाला. नुकतंच चष्म्यांचं दुकान थाटलं होतं त्यानं, बरोब्बर माझ्या खोलीखाली. हातात फ्रेम्सचं खोकं आणि चेहऱ्यावर गोंधळ.

"चेष्टा? नाही हो... गाणं असंच आहे ना?"

"असंच म्हणजे?"

"म्हणजे... मध्ये 'शी' आहे ना त्यात?"

त्याला खरंच तसं वाटत होतं! रोज संध्याकाळी खालून ऐकून ऐकून बिचाऱ्यानं माझी चूक माझ्या वैतागासकट पाठ केली होती. हसावं की रडावं कळेना. मी दार आपटलं.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते मी. कुणाचीही शीर पहिल्या टोचणीत शोधते. पण त्या मेल्या तिसऱ्या ओळीत करंगळी तारेवर पोचेपर्यंत सूर निसटायचा तो निसटायचाच. की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच माती खायची. व्हायोलिनचे सर म्हणाले, सराव वाढव. वाढवला. चूक आणखी पक्की झाली!

त्यात व्हायोलिन आत्याचं. तिचा फोन येऊन गेला होता. "महिनाअखेरच्या रविवारी येतेय. धून पुरी वाजवलीस तर ते तुझं. नाहीतर मी घेऊन जाते, दुसऱ्या कुणीतरी वाजवू दे." आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि त्या लाकडी डब्यावर माझा किती जीव जडलाय, ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. पुन्हा तोच.

"एक विनंती होती... रागावू नका."

"आधीच रागावलेय. बोला."

"मला शेवट ऐकवा ना."

"काय?"

"गाण्याचा. रोज सुरुवात ऐकतो, मग 'शी'. पुढं काय होतं ते कळतच नाही! काल त्या नादात एका काकांना काकूंचा चष्मा दिला."

"अहो, मला तिसरी ओळ येत नाही. शेवटापर्यंत पोचणार कशी?"

"मग तिसरी नकाच वाजवू. एकदम शेवटची वाजवा."

ब्याद टळावी म्हणून मी व्हायोलिनचा बो उचलला. वहीत बघून वाजवली शेवटची ओळ... आणि ती सोपी निघाली! तिथवर मी कधी फिरकलेच नव्हते. तो जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"आहाहा... आणि याच्या आधी काय आहे?"

झालं! त्या दिवसापासून दुकान बंद केलं की स्वारी पायरीवर हजर. "आज त्याच्या आधीचं." मी चिडत चिडत थोडं मागं जायची, तिथून शेवटापर्यंत वाजवायची.

"चिडलात की डोळे बारीक करता तुम्ही. नंबर असणार. तपासू का?"

"खबरदार!"

"फुकट तपासतो हो..."

तो हसला की मला आणखी राग यायचा. आणि एखाद्या दिवशी यायला उशीर झाला, तर त्याहून जास्त.

असं शेवटाकडून मागं मागं येत आम्ही तिसऱ्या ओळीच्या मध्यावर पोचलो. मी सुरुवातच तिथून केली. घाबरायला वेळच मिळाला नाही. करंगळी बरोब्बर तारेवर पडली, सूर स्वच्छ लागला — आणि पायरीवरून आवाज आला, "शी!"

"अहो!"

"सॉरी, सॉरी... सवय!"

त्या दिवशी मी पोट धरून हसले.

ठरल्या रविवारी आत्या आली. खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "हं." मी व्हायोलिन खांद्यावर घेतलं. पहिली ओळ, दुसरी... तिसरी आली... आणि गेलीसुद्धा! पुढची सगळी वाट ओळखीची होती. शेवटचा सूर थांबला. आत्यानं नाक ओढलं, डोळे पुसले. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी धावत जाऊन दार उघडलं. तो पायरीवर उभा होता. पण तोंड पडलेलं.

"ऐकलं सगळं. छान झालं... म्हणजे आता ऐकायचं काही राहिलं नाही. येतो मी."

आणि शहाणा खरंच वळला!

"थांब! एवढे महिने त्या तारांशी झगडले, आता तुझ्याशीही झगडू? आवडतोस तू मला! आणि हेही मीच सांगायचं? मला इतका राग आलाय ना..."

त्याचे कान लालबुंद झाले. "मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," तो पुटपुटला. "रोज दुकान लवकर बंद करायचो. गिऱ्हाईकं बोंबलायला लागलीत. गाण्यासाठी कोण करतं एवढं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू केवढी चिडतेस!"

"चिडणारच! जन्मभर चिडणार!"

"चालेल," तो म्हणाला... आणि त्यानं माझा हात धरला.

आतून आत्या ओरडली, "अगं, कुणाशी भांडतेयस? आत येऊन भांडा, चहा निवतोय!"

मी धरलेला हात सोडला नाही. त्याला तसंच आत ओढलं.